उसने आणलेले धोरण

आमच्या महाविद्यालयाचे पहिले माहिती तंत्रज्ञान धोरण मी एका रात्रीत लिहिले असे म्हणण्यापेक्षा एका रात्रीत जमवले असे म्हणणे अधिक खरे ठरेल. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, भेटीची तयारी चालू होती. चौथ्या निकषाखाली माहिती तंत्रज्ञानाच्या सुविधांची कागदपत्रे जोडायची होती आणि संकेतस्थळावर ‘आयटी पॉलिसी’ नावाची एक पीडीएफ असलीच पाहिजे, असे आयक्यूएसीच्या (महाविद्यालयातील गुणवत्ता कक्षाच्या) समन्वयकांनी मला सायंकाळी साडेपाच वाजता सांगितले. संगणकशास्त्र शिकवणारा माणूस राउटर, प्रिंटर आणि धोरण या तिन्हींचा आपोआप जाणकार मानला जातो. मी तीन विद्यापीठांची धोरणे उतरवून घेतली, एक तयार परदेशी नमुना घेतला, नावे बदलली आणि पहाटेपर्यंत २२ पानांचा मसुदा तयार केला. पुढच्या महाविद्यालय विकास समितीच्या बैठकीत उपाहारगृहाचा ठेका आणि कुंपणाची भिंत या दोन विषयांच्या मध्ये तो सर्वानुमते मंजूर झाला.

तो मसुदा शेवटपर्यंत वाचणारी पहिली व्यक्ती आमच्या ग्रंथपाल मॅडम होत्या. त्यांनी पेन्सिलीने खुणा केलेली प्रत माझ्या टेबलावर ठेवली. वसतिगृहातील विद्यार्थ्यांना रात्री अकरानंतर वाय-फाय मिळणार नाही, असे एका कलमात होते. आमच्याकडे वसतिगृहच नाही. आक्षेपार्ह संदेशांवरील कारवाईसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अचा हवाला दिला होता. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले आहे. आणि निदान पाच ठिकाणी ‘कुलसचिवांच्या लेखी परवानगीने’ असे शब्द होते. कुलसचिव विद्यापीठात असतात. संलग्न महाविद्यालयात प्राचार्य असतात, उपप्राचार्य असतात, कार्यालयीन अधीक्षक असतात. मॅडमनी समासात एवढेच लिहिले होते, ‘हे कोण?’

मी हसून ती प्रत खणात ठेवली, ही माझी चूक. काही महिन्यांनी एका विभागाच्या सामाईक ई-मेल खात्यावरून अंतर्गत परीक्षेचे चुकीचे वेळापत्रक दोन वर्गांना गेले. त्या खात्याचा पासवर्ड विभागातल्या चौघांना ठाऊक होता, त्यामुळे ते कोणी पाठवले हे पाहण्यासाठी खाते उघडून तपासणे भाग होते. पण उघडायचे कोणी आणि कोणाच्या परवानगीने? धोरणाप्रमाणे कुलसचिवांच्या. प्राचार्य म्हणाले, मी सही करतो, पण धोरणात माझे नाव कुठे आहे ते दाखवा. विभागप्रमुख म्हणाले, आमच्या खात्यातली पत्रे आमच्या गैरहजेरीत कोणी वाचू नयेत. दोघांचेही म्हणणे रास्त होते. या वादात चार दिवस गेले. शेवटी तो प्रकार खोडसाळपणाचा नव्हता, मागच्या वर्षीची फाइल अनवधानाने जोडली गेली होती, असे निघाले. मात्र त्या चार दिवसांत कागदावरचा एक अधिकारी प्रत्यक्षात अस्तित्वातच नसेल तर काय होते, ते आम्ही पुरते पाहिले.

त्यानंतर, ज्या विद्यापीठाच्या धोरणातून वसतिगृहाचे कलम उचलले होते तेथील संगणक केंद्रात मी फोन केला. मनात थोडी शरम होती, पण पलीकडच्या गृहस्थांना त्याचे काहीच वाटले नाही. त्यांनी सांगितले की, एके काळी त्यांच्या वसतिगृहांची आणि परीक्षा विभागाची इंटरनेट वाहिनी एकच होती आणि रात्री निकालाची माहिती चढवली जात असे, म्हणून अकराची मर्यादा घातली होती. पुढे दुसरी वाहिनी आली आणि ‘ते कलम आम्ही केव्हाच काढले.’ म्हणजे मी उतरवून घेतली ती जुनी आवृत्ती होती; त्यांच्याकडे नाहीशी झालेली गरज आमच्याकडे, जिथे ती कधी नव्हतीच, नियम होऊन बसली होती.

धोरण दुसऱ्याकडून घेण्यात मला अजूनही काही गैर वाटत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने वाय-फाय, ई-मेल आणि जुन्या संगणकांच्या निर्लेखनाचे नियम कोऱ्या कागदापासून लिहायला बसावे ही अपेक्षाच वेडेपणाची आहे. (साहित्यचौर्यासंबंधीच्या २०१८च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या विनियमांत ६० टक्क्यांच्या वरचे साम्य ही सर्वांत गंभीर पातळी मानली आहे. आपल्याकडची धोरणे त्या कसोटीवर तपासली तर किती महाविद्यालये सुटतील, हा विचार मी मनातच ठेवतो.) अडचण मजकूर उचलण्यात नसते. मजकूर येतो आणि त्याच्यामागचे कारण, त्याची तारीख आणि निर्णय घेणारे पद मागेच राहते, तिथे ती सुरू होते.

अनेक संकुलांच्या विद्यापीठांनी हा प्रश्न कसा हाताळला ते त्या काळात मी वाचत गेलो. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटले, कारण त्याची दहा संकुले एकमेकांसारखी अजिबात नाहीत. बर्कली जुने आणि विस्तीर्ण आहे, मर्सेड २००५ मध्ये सुरू झालेले आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संकुलात तर पदवीपूर्व विद्यार्थीच नाहीत, ते आरोग्यविज्ञानाला वाहिलेले आहे. तरीही इलेक्ट्रॉनिक संपर्कासंबंधीचे एक मूळ धोरण २००० मध्ये सगळ्यांसाठी काढण्यात आले आणि २००५ मध्ये ते सुधारले गेले. आमचे जिथे अडले नेमके तेच त्यात आहे: एखाद्याच्या संमतीशिवाय त्याची ई-मेल पाहायची वेळ आली तर ती कोणत्या मोजक्या कारणांसाठी पाहता येईल आणि परवानगी किती वरच्या पातळीवरून व लेखी लागेल, हे मूळ धोरण ठरवते, प्रत्यक्ष कार्यपद्धती मात्र प्रत्येक संकुलाने स्वतः लिहायची असते. तत्त्व सामाईक ठेवायचे आणि अंमल स्थानिक, एवढीच ती विभागणी आहे. आमच्याकडे नेमके उलटे झाले होते. अंमलाचा तपशील आम्ही शब्दशः घेतला आणि त्यामागचे तत्त्व कोणी वाचलेच नाही.

ब्रिटनमधील विद्यापीठे जॅनेट नावाच्या ज्या शैक्षणिक संगणक-जाळ्यावर चालतात, त्याचेही वापराचे एक सामाईक धोरण आहे आणि विद्यापीठे आपापल्या नियमांत त्याचा हवाला देतात. मजकूर पुन्हा उतरवत बसत नाहीत. एज्युरोम या शिक्षणसंस्थांच्या सामाईक वाय-फायची व्यवस्थाही अशीच मितभाषी आहे. पाहुण्या प्राध्यापकाची ओळख त्याच्या स्वतःच्या संस्थेने पटवायची आणि जिथे तो गेला आहे त्या संस्थेने त्याला इंटरनेट द्यायचे, एवढ्या कराराच्या बळावर ती अनेक देशांत चालते. भारतात तिचे काम अर्नेट हे शिक्षण-संशोधनाचे जाळे पाहते. कशावर एकमत हवे आणि कशावर नको, हे तिथे आधी ठरले आहे.

आमच्या संस्थेची तीन महाविद्यालये आहेत: शहरातले आमचे, तालुक्याच्या गावचे कला-वाणिज्य महाविद्यालय आणि एक छोटे बी.एड. महाविद्यालय. मध्यवर्ती कार्यालयाला तिन्हींसाठी एकच धोरण, एकाच मुखपृष्ठासह हवे होते. मी आणि इतर दोन महाविद्यालयांतील दोन सहकाऱ्यांनी त्याऐवजी एक साधा तक्ता केला. प्रत्येक कलमापुढे ते कुठून आले, का आले, आपल्याकडे निर्णय कोण घेणार आणि ते शेवटचे कधी वाचले, असे चार रकाने ठेवले. एखाद्या कलमाचे ‘का’ कोणालाच सांगता आले नाही तर ते बाजूला काढायचे, असे ठरवले. पहिल्याच फेरीत २२ पानांची १३ पाने झाली.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याचे कलम त्यातच गेले. ते आम्ही पाहिलेल्या प्रत्येक धोरणात होते, म्हणून ते फार शहाणपणाचे असेल असे वाटत होते. पण अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २०१७ मध्येच असा ठरावीक मुदतीचा बदल सक्तीचा करू नये, पासवर्ड फुटल्याची खूण दिसली तरच बदलायला लावावा, असे सांगितले आहे. आमच्या कार्यालयात त्या कलमाचे फलित भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या बाजूला पाहायला मिळत असे: पासवर्डांची उभी यादी, शेवटचा सोडून बाकीच्यांवर काट.

नोंदी म्हणजे लॉग १८० दिवस जपण्याच्या कलमाचे कारण मात्र सापडले. ते सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांतून आलेले होते. सायबर घटना सहा तासांत कळवण्याची अटही त्यातलीच. आमच्या फायरवॉलमध्ये तीन आठवड्यांपलीकडच्या नोंदी राहत नव्हत्या आणि बी.एड. महाविद्यालयातल्या घरगुती राउटरमध्ये तर नोंदी कुठे असतात हेच कोणाला ठाऊक नव्हते. पूर्वीचे धोरण ‘नोंदी जपल्या जातात’ असे बिनदिक्कत सांगत होते. आता शहरातल्या एका सर्व्हरवर तिन्ही ठिकाणच्या नोंदी जमा होतात. त्यासाठी लागणाऱ्या हार्ड डिस्कची मागणी मंजूर व्हायला तीन बैठका लागल्या, आणि त्या काळात तक्त्यात त्या कलमापुढे ‘अद्याप होत नाही’ असे लिहिलेले होते. ते शब्द पाहून मध्यवर्ती कार्यालय नाराज झाले. माझ्या मते तक्त्यातले सर्वांत प्रामाणिक शब्द तेच होते.

मात्र ज्याच्याकडे कोणत्याही विद्यापीठाचे धोरण आमचे लक्ष वेधू शकले नसते, ते तालुक्याच्या सहकाऱ्याने दाखवले. त्यांच्या आवारात कनिष्ठ महाविद्यालय आहे. अकरावी-बारावीची मुले तीच प्रयोगशाळा, तेच वाय-फाय वापरतात. ती १६-१७ वर्षांची असतात, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली आहे; तिची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती त्यात सांगितली आहे. स्नेहसंमेलनाची नावानिशी छायाचित्रे, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातले फोन क्रमांक, प्रवेशाच्या गूगल फॉर्ममधली आधारची छायाप्रत, असे सगळे त्या तरतुदीखाली येते. विद्यापीठांच्या धोरणात हे सापडणार कसे? त्यांच्या आवारात अकरावीचा वर्गच भरत नाही. आम्ही विद्यापीठाकडून घेत राहिलो असतो तर महाराष्ट्रातल्या शेकडो महाविद्यालयांचे हे रोजचे वास्तव आमच्या धोरणात कधीच आले नसते. याविषयीचे कलम तालुक्याच्या महाविद्यालयाने लिहिले आणि शहराने त्यांच्याकडून घेतले.

नंतर सगळे मराठीत आणले, कारण प्रयोगशाळा सहायक आणि लिपिक यांनाच ते रोज वापरायचे होते. इंग्रजीत डौलदार वाटणारी वाक्ये मराठीत येताना उघडी पडली. ‘वाजवी वापर’ म्हणजे काय, असे प्रयोगशाळा सहायकांनी विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मग तिथे ‘तास चालू असताना चित्रपट उतरवून घेऊ नयेत’ असे लिहिले. ‘वेळोवेळी आढावा घेतला जाईल’ याच्या जागी ‘दर जूनमध्ये’ असे आले. कुलसचिवांच्या जागी प्राचार्य आणि ते रजेवर असल्यास उपप्राचार्य आले. बी.एड. महाविद्यालयात प्राचार्यपद सध्या प्रभारी आहे आणि उपप्राचार्य नाहीत, त्यामुळे त्यांचा तो रकाना अर्धा रिकामा आहे. ग्रंथपाल मॅडमनी तिथेही पेन्सिलीने खूण केली आहे.

गेल्या महिन्यात शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाने आमचे धोरण मागितले. त्यांच्याकडेही नॅकची भेट जवळ आली होती. मी धोरणाची पीडीएफ आणि तक्ता पाठवला, कनिष्ठ महाविद्यालयाचे कलम तुमच्याकडे तो वर्ग असेल तरच घ्यावे असे कळवले आणि वाटल्यास फोन करावा म्हणून वेळही दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आले: ‘सर, मनःपूर्वक आभार. तक्त्याची गरज नाही. फक्त धोरणाची वर्ड फाइल मिळेल का?’