काळ्या पाण्यावर गेलेल्या बाईचा माग: आधी अंदमानचं तिकीट काढू नका

साडेसहा हजार रुपये. एवढ्या पैशांत पोर्ट ब्लेअरमध्ये मला कैद्यांच्या ज्या यादीची झेरॉक्स विकली गेली, ती सेल्युलर जेलच्या मधल्या मनोऱ्यात संगमरवरावर कोरलेली आहे आणि जेलच्या तिकिटात वाचायला मिळते. तुमच्या घरातलीही कुणी अशी 'तिकडे' पाठवली गेली असेल आणि तिचा शोध घ्यायचा विचार असेल, तर माझा मूर्खपणा नीट वाचा. माझे पैसे गेले, निदान तुमचे तरी वाचतील.

आजीच्या आजीची एक धाकटी बहीण होती. तिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, 'बेटावरची' म्हणायचे. (नाव इथेही देत नाही. भावकीत अजून दोन-तीन म्हातारी माणसं आहेत.) सर्वपित्रीला एक पान 'राहिलेल्यांचं' म्हणून वाढलं जायचं, ते तिचं असावं असा माझा तर्क. गोष्ट एवढीच कळलेली: सातारा जिल्हा, लहानपणी आलेलं विधवापण, मूल, विहीर, खटला, काळं पाणी. साल विचारलं की आजी म्हणायची, "मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी." मोठा दुष्काळ म्हणजे १८७६चा, म्हणून मी १८७५ धरलं.

मराठी माणसाला अंदमान म्हटलं की सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी एवढंच डोळ्यांपुढे येतं. मलाही तेच आलं. आमची बेटावरची तिथल्याच एखाद्या कोठडीत असणार आणि तिथेच कुठेतरी तिचं रजिस्टर असणार, असं धरून मी भाच्याला घेऊन निघाले. विमान स्वस्त मिळत होतं, पण ती समुद्रावरून गेली म्हणून आपणही तसंच जावं हा हट्ट माझा. चेन्नईहून बोटीने साठ-पासष्ट तास लागतात. त्यातले पन्नास मी बंकवर आडवी होते. उरलेले कुठे गेले ते सांगण्यासारखं नाही. भाचा शेवटी म्हणाला, "मावशी, तिलाही पर्याय असता तर ती विमानानेच गेली असती." बोटीबद्दल सल्ला एका शब्दाचा: नको.

आता तो गृहस्थ. जेलबाहेर रिक्षा थांबली, आमचं मराठी कानावर पडलं आणि तो पुढे आला. "आपल्याकडे जुना रेकॉर्ड आहे, बॉम्बे प्रेसिडेन्सीचे सगळे कैदी, नावानिशी." आठ हजार सांगितले, साडेसहावर आला, आणि आपण घासाघीस केली म्हणून मी वर खूशही झाले. संध्याकाळी लॉजवर तपकिरी लिफाफा आला. आत अकरा पानं, 'बॉम्बे' असा मथळा, खाली नावं. रात्री दोनपर्यंत भिंग लावून वाचत बसले. एकही बाई नाही. कुठेतरी आत ठेवली असेल म्हणून सकाळी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अकराच्या सुमारास जेलमध्ये मनोऱ्यापाशी उभी राहिले तर समोर तीच यादी, त्याच क्रमाने, प्रांतवार, राजकीय कैद्यांची, १९०९ ते १९३८ची. फोन करून विचारलं तर गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मॅडम, रेकॉर्ड तो रेकॉर्ड है." त्यानंतर दोन दिवस मी चिडलेली होते आणि पुढची काही मतं त्या चिडीत बनलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

मला घरबसल्या सुचायला हवं होतं ते असं. कैद्यांची वसाहत सुरू झाली मार्च १८५८मध्ये, दोनशे कैदी घेऊन डॉ. वॉकर आला तेव्हा. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ ते १९०६. मधली जवळजवळ चाळीस वर्षं कैदी होते, पण हा तुरुंग नव्हता. आमच्या बाईने पुरी वीस वर्षं काढली असती तरी पायाचा पहिला दगड पडण्याआधी ती मोकळी झाली असती. आणि बायकांचा तुरुंगच निराळा, साउथ पॉइंटला. आम्ही साउथ पॉइंटला गेलो, दोन तास उन्हात फिरलो, चार जणांना विचारलं. 'इथे बायकांचा तुरुंग होता' अशी पाटी काही मला दिसली नाही. समुद्र छान आहे.

सेल्युलर जेल बघू नका असं मी म्हणत नाही. बघा, संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रमही बघा. फक्त तिथे आपली बाई शोधू नका. इंग्रजांचं मुख्य ठाणं असलेल्या रॉस बेटाचंही तेच. (२०१८पासून त्याचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आहे, पण नावाडी रॉसच म्हणतात. पोर्ट ब्लेअरही २०२४पासून श्री विजयपुरम झालंय. शोधताना दोन्ही नावं टाका, आणि दफ्तरात अर्थातच फक्त जुनी.) व्हायपर बेटावर टेकडीवर फाशीघर आहे. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला मार्च १८७२मध्ये व्हायपरवरच फाशी दिलं. तिकडची बोट चालू आहे का ते आदल्या दिवशी विचारून घ्या. घराण्याच्या शोधाला या बेटाचा उपयोग शून्य. कागदांचं म्हणाल, तर १९४२ ते १९४५ बेटं जपान्यांच्या ताब्यात होती आणि त्या काळात तिथलं बरंचसं दफ्तर गेलं. त्यामुळे 'इथे सगळं रेकॉर्ड आहे' असं कुणी म्हणालं की पाकीट आत ठेवा.

पोर्ट ब्लेअरमधली एकच जागा मनात राहिली: शादीपूर. बायकांना काही वर्षांनी लग्नाची परवानगी मिळायची. चांगल्या वर्तणुकीवर तुरुंगाबाहेर राहण्याचं तिकीट मिळालेले, स्वतःचं पोट स्वतः भरणारे कैदी बायको निवडायला यायचे, बायकांना ओळीत उभं केलं जायचं, आणि त्यावरूनच वस्तीला हे नाव पडलं, असं तिथली माणसं सांगतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापलेले नियम मी नंतर वाचले: पाच वर्षं झाल्याशिवाय लग्न नाही की घरकामाची नोकरी नाही, लग्न केलं तर पंधरा वर्षांनी नवऱ्याबरोबर बेट सोडता येई, पण दोघांपैकी ज्याची शिक्षा लांब ती संपेपर्यंत दोघांनी थांबायचं, लग्न केलंच नाही तर वीस वर्षं. १८७०च्या दशकात हेच आकडे लागू होते असं धरू नका. पण हिशोबाचा साचा कळतो. बाईची सुटका शोधायची तर नवऱ्याची शिक्षाही शोधावी लागते.

आणि तो नवरा बहुधा मराठी नसणार. धर्म बघत, पण जात, भाषा, प्रांत मागे राहत. साताऱ्याची बाई, नवरा पंजाबचा नाहीतर बिहारचा, घरात हिंदुस्थानी बोलणारी पोरं. त्यांचे वंशज तिथे 'लोकल बॉर्न' म्हणून ओळखले जातात, 'प्री-४२' (१९४२च्या आधीपासूनचे) असाही शब्द ऐकाल. त्यांच्याकडे गेलात तर 'तुमचे पूर्वज कोणत्या गुन्ह्यात आले?' हे विचारू नका. मी विचारलं. समोरच्या आजींनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "बेटी, यहाँ सबके घर में एक ही कहानी है।" मी कप संपेपर्यंत मान वर केली नाही. नंतरचे तीन दिवस हॅवलॉक बेटावर गेलो. बरं होतं.

खरं काम झालं मुंबईत, म्हणजे माझ्या घरापासून लोकलने पाऊण तासावर. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुरालेखागार आहे. तिथे मुंबई इलाख्याच्या न्याय विभागाचे वर्षवार बांधलेले खंड आहेत. ओळखपत्र, फोटो, कशासाठी बघायचंय त्याचं पत्र आणि पेन्सिल न्या. आधी सूची बघायची, मग खंड मागायचा. कागद जुना आहे, पान बोटाच्या टोकाने उलटायचं. एका दिवसात होईल असं समजून जाऊ नका, चार-पाच दिवस काढा.

सूचीत आपलं स्पेलिंग चालत नाही. सातारा 'सट्टारा', रत्नागिरी 'रटनागेरी', ठाणे 'टन्ना' अशी टोपीकराच्या कानाने लिहिलेली नावं शोधायची. बाईच्या नावापुढे 'कोम' दिसलं की पुढचं नाव नवऱ्याचं. पुरुषाच्या नावापुढे 'बिन' म्हणजे पुढे बापाचं. विधवेच्या नावातही मेलेला नवरा असा चिकटलेला असतो. माहेरचं आडनाव घेऊन शोधणाऱ्याला काही मिळणार नाही. मी दोन दिवस माहेरचंच शोधत बसले होते.

दंडसंहिता १८६२च्या जानेवारीपासून लागू झाली, त्यामुळे त्यानंतरच्या खटल्यात आधी कलम बघा. ३०२ असेल तर खून, म्हणजे फाशी नाहीतर जन्मठेप काळं पाणी. ३१८, म्हणजे जन्म लपवणं, असेल तर जास्तीत जास्त दोन वर्षं. ती बाई बेटावर गेलीच नसणार, पुढे शोधू नका. आणि सेशन्स कोर्टाने फाशी दिली की ती कायम करायला प्रकरण हायकोर्टात जायचं, तेव्हा तिकडचा निकालही बघावा.

शिक्षा झाली म्हणजे बाई गेली, असंही नाही. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला मूल मारल्याबद्दल आधी फाशीची शिक्षा झाली, मग काळं पाणी, मग ते पाच वर्षांवर आलं. तिच्यावरून वर्तमानपत्रांतून जे तोंडसुख घेतलं गेलं त्याने संतापून ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली, ती १८८२ला छापली गेली. तेव्हा पहिला हुकूम मिळाला म्हणून पेढे वाटू नका, पुढच्या दोन-तीन वर्षांचे खंडही चाळा.

आणखी एक खड्डा, ज्यात मी पडता पडता वाचले. पुण्याची काशीबाई. विधवा, फुल्यांचे मित्र गोवंडे यांच्या घरी स्वयंपाक करायची, शेजारच्या शास्त्र्याने फसवली, मूल मारलं, विहिरीत टाकलं, जन्मठेप काळं पाणी झालं. खुद्द जोतीरावांनीच हे १८८४मध्ये लिहून ठेवलंय. १८६३ला फुले दांपत्याने आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते या प्रकरणानंतर. दहा-अकरा वर्षांनी त्याच गृहात दुसरी एक काशीबाई बाळंत झाली आणि तिचा मुलगा यशवंत फुल्यांनी दत्तक घेतला. इंटरनेटवर लोक या दोघींची बिनदिक्कत एक बाई करून टाकतात. एकीचं मूल विहिरीत गेलं, दुसरीचं डॉक्टर झालं. नाव, गाव, जात जुळली म्हणून बाई तीच असं नाही. नवऱ्याचं नाव, शिक्षेची तारीख आणि कैदी क्रमांक, तिन्ही जुळल्याशिवाय 'सापडली' म्हणू नका.

आमची सापडली. १८७५मध्ये नाही, १८७४च्या खंडात. आजीच्या 'आदल्या वर्षी'मध्ये एका वर्षाची गफलत होती, म्हणून सांगितलेल्या सालाच्या मागेपुढे तीन-तीन वर्षं बघायचीच. कलम ३०२, फाशीची जन्मठेप केलेली. सोबत हुलिया: वय बावीस, बांधा सडपातळ, हनुवटीवर गोंदण, डाव्या भुवईवर व्रण. हे वाचून मी ताडकन उठले आणि खुर्ची मोठ्याने सरकली, सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदण होतं. त्या काळी हनुवटीवर गोंदण कुणाच्या नव्हतं, हे मला कळतं. तरी त्या दिवशी मी चर्चगेटपर्यंत चालत गेले आणि वाटेत दोन वडापाव खाल्ले.

पाठवणीआधी इलाख्यातले कैदी ठाण्याच्या तुरुंगात ठेवत, म्हणून तिथेही गेले. तो अजून चालू तुरुंग आहे, आत सोडत नाहीत. बाहेरून भिंत बघायची आणि परत यायचं. वेगळी खेप करू नका.

पुढचं काम दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, पण तिथे धावायची गरज नाही. 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर फुकट नोंदणी होते. गृह खात्याची 'पोर्ट ब्लेअर' अशी स्वतंत्र शाखा होती, तिच्या कार्यवाहीत सुटकेचे अर्ज, लग्नं, मुलांचे प्रश्न असं बरंच काही येतं. नाव टाकून काही येत नाही, 'स्त्री कैदी' आणि 'सुटका' या अर्थाचे इंग्रजी शब्द टाकून वर्षवार चाळायचं. काही फाइल घरी बसून वाचता येतात, काहींची नुसती सूची दिसते आणि प्रत मागवावी लागते.

मी सध्या १८८९पर्यंत आलेय. एका यादीत तिचा क्रमांक आहे, शेजारी एका पुरुष कैद्याचा क्रमांक आहे, नाव नाही. तो कुठल्या इलाख्यातला ते कळायला मद्रास, बंगाल की पंजाब, कुठून सुरुवात करायची यावर भाचा आणि मी भांडतोय. तो म्हणतो पंजाब. त्या लिफाफ्याचे साडेसहा हजार हातात असते तर दोन-तीन फाइलींच्या प्रती एव्हाना मागवून झाल्या असत्या.