मास्तरांची चेतक आणि आमचं गॅरेज

वडिलांनी गोव्यात डिचोलीला गॅरेज घातलं तेव्हा दारात बजाज चेतक आणि सुपर यांचीच रांग असायची. पुढे बिनगिअरच्या स्कूटर आल्या, खाणींमुळे टिपरांचं, म्हणजे खनिज वाहणाऱ्या ट्रकांचं काम वाढलं आणि जुन्या टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणाऱ्या गाड्या कोपऱ्यात गेल्या. २०१२ साली खाणी बंद पडल्या. टिपर जागच्या जागी उभे राहिले आणि आमचं निम्मं काम गेलं. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही दोघे भाऊ पुन्हा चेतककडे वळलो.

खरं शिक्षण झालं ते एका निवृत्त मास्तरांच्या गाडीवर. केरी सोडून चोर्ला घाट चढताना इंजिनाने पिस्टन धरला, म्हणजे तो तापून सिलिंडरात अडकला, आणि मागचं चाक जाम झालं. मास्तर थोडक्यात वाचले. आम्ही सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून थोडा मोठा कापून, ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. तीन आठवड्यांनी त्याच चढावर गाडी पुन्हा जाम. मास्तर एवढंच म्हणाले, "बाबा रे, पिस्टन बदललास. पण तो धरला कशाने, ते बघितलंस का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

ऑइलची चूक नव्हती. लिटरभर पेट्रोलला २० मिली ऑइल मास्तर स्वतः मापून घालत. इंजिन थंड ठेवणारा पंखा आणि त्यावरचं काऊल स्वच्छ, कार्ब्युरेटरमधला पेट्रोल मापून सोडणारा जेटही मूळचाच. प्लग मात्र पांढराफटक! म्हणजे इंजिन कुठून तरी जादा हवा ओढत होतं. ठिणगीसाठी वीज बनवणारा मॅग्नेटो आणि त्याची स्टेटर प्लेट उतरवली, कार्ब्युरेटरची आणि सायलेन्सरची तोंडं रबराने बंद केली आणि रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा जोडून हळूहळू हवा भरली. साबणाचं पाणी सोडताच क्रँकच्या मॅग्नेटोकडच्या ऑइल सीलच्या (हवा-तेल अडवणाऱ्या रबरी कडीच्या) कडेने बारीक बुडबुडे यायला लागले.

क्लचकडचं सील गेलं तर गिअर ऑइल जळतं, धूर होतो, गिऱ्हाईक स्वतःच गाडी घेऊन येतं. मॅग्नेटोकडचं सील असं काही सांगत नाही. तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, उष्णता वाढते आणि वंगणही कमी पडतं. अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलिंडरपेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतो. घाटात लांबवर थ्रॉटल उघडा राहिला की तो धरणारच.

ते दुसरं बोअरिंग आम्ही पदरमोड करून केलं. तेव्हापासून हवेची चाचणी झाल्याशिवाय जाम झालेल्या इंजिनाला आम्ही नवा पिस्टन घालत नाही. चतुर्थीच्या तोंडावर "उद्याच द्या" म्हणणाऱ्यांना नाही म्हणावं लागतं, काही जण रागावून दुसरीकडे जातात. वाईट वाटतं, पण नाइलाज आहे. आता सावंतवाडीहून, बेळगावहूनही टेम्पोत घालून चेतक येतात.

परवा मास्तर घाट चढून बेळगावला जाऊन आले. भावाने प्लग काढला. छान चॉकलेटी होता. पुसून परत बसवला.