कस्टम लूप, टप्पा ३: आधी हवेचा दाब, मग पाणी

कस्टम लूप म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवणारा, स्वतः जोडलेला बंद फेरा. आत्ताची मांडणी अशी: ३६० मिमीचा तांब्याचा रेडिएटर, टाकीला जोडलेला डी५ प्रकारचा पंप, सीपीयू आणि ग्राफिक्स कार्डावर निकेलचा मुलामा दिलेले तांब्याचे ब्लॉक (चिपची उष्णता पाण्यात सोडणारे ठोकळे), १०/१६ मिमीची (आतला/बाहेरचा व्यास) ईपीडीएम रबरी नळी. फिटिंग्ज (नळीचे जोड) सगळी जी १/४ या मापाच्या आट्यांची. पीईटीजी प्लास्टिकची कडक नळी दिसते छान, पण पंप बंद पडून पाणी साठ अंशांच्या आसपास गेलं की ती नरम पडते आणि फिटिंगमधून सुटू शकते. रबरी नळीला ती भीती नाही. लूपमध्ये ॲल्युमिनियम कुठेही नाही, कारण तांब्याच्या संगतीत ॲल्युमिनियम गंजत जातं आणि त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो.

रेडिएटर गरम डिस्टिल्ड पाण्याने, बाहेर येणारं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत खळखळून धुतला. कारखान्यातल्या डाखणीचा फ्लक्स (डाख देताना लावतात ते रसायन) आत राहतोच.

आता गळतीकडे. नळी फुटणं दुर्मीळ. पाणी येतं ते बहुधा ओ-रिंगपाशी, म्हणजे फिटिंगच्या गोल रबरी कड्यापाशी. रिंग खाचेत तिरकी बसलेली असते, तिच्यावर केस किंवा कचरा असतो, नाहीतर फिटिंग गरजेपेक्षा जास्त आवळलेलं असतं. पाना लावला की रिंग चेपून खाचेबाहेर येते, ॲक्रिलिक असेल तर आट्यांपासून तडा जातो. फिटिंग हातानेच घट्ट करा. रिंग ओली करून बसवली तर पीळ पडत नाही. नळीचं टोक काटकोनात कापलेलं हवं आणि ती ताणून जोडू नये. ताण कायम राहिला की फिटिंग एका बाजूला ओढलं जातं.

दाबाची चाचणी पाणी न भरता करायची. टाकीवरच्या एका तोंडाला मीटर असलेला हातपंप, बाकी सगळी तोंडं प्लगने बंद, दाब ०.५ बार, म्हणजे जेमतेम ७ पीएसआय. त्याहून जास्त दाब ॲक्रिलिकच्या टाकीला द्यायची गरजच नाही. पहिल्या पाचेक मिनिटांत काटा थोडा उतरतो, कारण रबर ताणतं. तेव्हा पुन्हा ०.५ वर आणायचा आणि तिथून अर्धा तास मोजायचा. मध्येच एसी लावू नका: खोली ३ अंशांनी थंड झाली तर गळती नसतानाही काटा सुमारे ०.०१५ बारने खाली येतो.

इथे पहिल्या मोजणीत दहा मिनिटांत ०.५० वरून ०.४४ झालं. एवढी घसरण तापमानाची नव्हे. अशा वेळी लूप अर्ध्यात तोडून दोन्ही भाग वेगवेगळे तपासायचे, मग संशयित भाग पुन्हा अर्धा. गळती ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकवरच्या फिटिंगमध्ये निघाली. ओ-रिंगला कापल्यासारखी खूण होती. रिंग बदलल्यावर काटा अर्धा तास हलला नाही. नेमकी जागा हवी असेल तर तो भाग कॅबिनेटबाहेर काढून साबणाचं पाणी ब्रशने लावा. अल्कोहोल मात्र ॲक्रिलिकला लावू नका, बारीक तडे पडतात.

भरताना मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड, दोन्हींना जाणाऱ्या पॉवर केबल काढलेल्या. पॉवर सप्लायच्या २४ पिन कनेक्टरमध्ये हिरवी वायर शेजारच्या काळीला जोडून (वायर एकाच रंगाच्या असतील तर त्यासाठीचा तयार प्लग वापरा) फक्त पंप चालवायचा. डी५चं बेअरिंग पाण्यानेच वंगण घेतं, म्हणून टाकी रिकामी व्हायच्या आत बंद, पुन्हा भरा, पुन्हा चालू. १० मिमी आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे सुमारे ७९ मिलि मावतं. बाकी रेडिएटर आणि टाकी. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर, कॅबिनेट हळूहळू चारी बाजूंना तिरका करून बुडबुडे काढायचे.

डिस्टिल्ड पाणी सुरुवातीला वीज फारशी वाहून नेत नाही, पण धूळ आणि धातूचे आयन मिसळले की ती सवलत संपते. तेव्हा पाणी सांडलंच तर कॅबिनेटचं बटण दाबून भागत नाही, स्टँडबायचे (यंत्र बंद असतानाही मिळणारे) ५ व्होल्ट बोर्डावर राहतात. भिंतीवरचा स्विच बंद, प्लग बाहेर, बोर्डावरचा सीमॉसचा छोटा सेलही काढा. कार्डाची मागची पट्टी (बॅकप्लेट) उघडून पाहा, पाणी तिच्याखाली लपतं. लूपमधल्या द्रवाचा (कूलंटचा) चिकट थर डिस्टिल्ड पाण्याने पुसून, मग बोर्डावर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दिवसभर वाळवणं.

पुढच्या टप्प्यात पाण्याचा तापमान सेन्सर येतोय: ४५ अंशांना इशारा, ५५ला शटडाऊन, कारण डी५ची मर्यादा ६० आहे. पंपाचा वेग सांगणारी आरपीएम वायर बोर्डावरच्या सीपीयू फॅनच्या हेडरवर (पिनांच्या जोडावर) लावणार, म्हणजे पंप थांबला की बोर्ड ओरडेल. ॲक्वा कॉम्प्युटर कंपनीचं लीकशील्ड हे उपकरण लूपमध्ये उणा दाब ठेवतं, त्यामुळे भेगेतून पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. कल्पना सुरेख, पण त्यासाठीसुद्धा लूप आधी हवाबंद लागतो.

तळाशी पाणी काढायला बॉल व्हॉल्व्ह लावला आहे. त्याच्या तोंडाला वेगळा प्लग ठेवलाय, दांडी चुकून फिरली तरी चालेल. टाकीवर पातळीची पट्टी चिकटवली आहे. पातळी नेहमी यंत्र थंड असताना बघा. नळीतून पाण्याची वाफ थोडी झिरपतेच, तेव्हा काही महिन्यांत दोन-तीन मिमी उतरली तर घाबरू नका. आठवड्यात तेवढी उतरली तर पंप बंद करून टिश्यू पेपर पुन्हा लावा.