पगार नव्हे, पडतर: माणूस शोधायला बडोद्याहून सायगाव आणि मग वूच

आमचा कारखाना बडोद्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. ट्रान्सफॉर्मरमधल्या तेलाचं आणि वाइंडिंगचं तापमान दाखवणारे मीटर आम्ही बनवतो. बाबांनी सुरू केला, आता दोघं मिळून चालवतो. मी चालवते आणि बाबा चुका काढतात. निर्यात वाढली तशी एक डोकेदुखी वाढली. मीटर युरोपात बिघडायचा आणि फोन बडोद्यात वाजायचा. इथला माणूस व्हिसा काढून तिकडे पोचेपर्यंत गिऱ्हाईक चिडून गप्प झालेलं असायचं. शेवटी ठरलं, बाहेर एक सर्व्हिस इंजिनिअर पगारावर ठेवायचा. एकच. पण कुठल्या देशात?

नातेवाइकांनी एकमुखाने दुबई सुचवली. तिथे आपलं एकही गिऱ्हाईक नाही, हे ऐकून घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मी एक्सेल उघडलं, देश आणि पगार असे दोन रकाने केले. व्हिएतनाम सगळ्यात स्वस्त दिसला, पोलंड महाग. आमच्या सीएंनी तो कागद पाहून चष्मा काढला. "बेन, पगार ना जुओ, पडतर जुओ." म्हणजे पगार पाहू नका, पडतर पाहा. पडतर हा खास बाजारातला शब्द. खरेदी, भाडं, हमाली, जकात सगळं धरून माल घरात येऊन पडतो तो भाव. माणसाचीही पडतर असते, असं त्यांचं म्हणणं. आणखी एक बजावलं: बाहेरचा माणूस तिथे बसून तुमच्या नावाने सौदे पक्के करायला लागला, तर तो देश तुमच्या नफ्यावरही कर मागू शकतो. दुरुस्ती करू दे, सह्या तुम्हीच करा.

तसं बडोद्याला परदेशी माणूस नेमणं नवीन नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल थेट अमेरिकेतून आणला होता. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत जाडजूड काचेच्या जमिनीवरून चालताना मला लहानपणी भीती वाटायची. महाराजांना माणूस इथे आणायचा होता, आम्हाला तिथेच ठेवायचा होता. फरक मोठा आहे, कारण तिथे ठेवला की कायदाही तिथलाच लागतो.

जानेवारी २०२५च्या दुसऱ्या आठवड्यात अहमदाबादहून व्हिएतनाममधल्या सायगावला उतरले. कागदोपत्री हो ची मिन्ह सिटी, पण भेटलेला जो तो सायगावच म्हणत होता. शहराची पहिली मेट्रो सुरू होऊन जेमतेम तीन आठवडे झालेले, त्यामुळे बेन थान्ह स्टेशनात कामाला निघालेल्यांपेक्षा फोटो काढणारेच जास्त. रस्ता ओलांडणं ही वेगळी विद्या. स्कूटरींचा लोंढा थांबत नाही, तुम्ही संथपणे चालत राहायचं आणि त्यांनी तुम्हाला वळसा घालायचा. बडोद्याच्या रावपुऱ्यात वाढलेल्या माणसाला जमतं.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. एका कंपनीत सव्वाबाराला पोचले तर दिवे मालवलेले आणि अख्खं ऑफिस झोपलेलं. टेबलांखाली चटया, घडीच्या खाटा, डोळ्यांवर पट्ट्या. दुपारची डुलकी तिथे रीतसर घेतात. बडोद्याच्या दुपारी दोन ते चारची मला इतकी आठवण आली, की मीही खुर्चीत डोळे मिटले. दुसरी फजिती जेवणाची. पाटीवर 'चाय' वाचून आत शिरले आणि चहा मागितला. 'चाय' म्हणजे शाकाहारी. चहा नाही मिळाला, पण भात, टोफू आणि मशरूमचं जेवण झकास मिळालं.

बाबांनी एक काम सांगितलं होतं, शिवाजी महाराजांचा तिथला पुतळा पाहून ये. व्हिएतनाममध्ये महाराजांचा पुतळा आहे, असा निरोप व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरतोय. मी चार जणांना विचारलं, चौघांनी नम्रपणे मान हलवली. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "अगं, तू नीट विचारलं नसशील."

कॅफेत बसून चार इंजिनिअरांशी बोलले. हात तयार, डोकं तल्लख, इंग्रजी कामापुरतं. पण एकजात सगळ्यांचं एकच: "टेतनंतर." टेत हा त्यांचा चांद्र नववर्षाचा सण, त्या वर्षी २९ जानेवारीला होता. त्याआधी बोनस मिळतो, तो सोडून नोकरी बदलणार कोण? आपल्याकडे दिवाळीच्या तोंडावर कारागीर फोडायला जाण्यासारखंच झालं. फुलबाजारात पिवळी 'माय' फुलं आणि संत्र्यांच्या कुंड्या स्कूटरवर लादून नेत होते, आणि मी नेमणुकीची पत्रं घेऊन फिरत होते.

मग वकीलबाई भेटल्या. पदवीधर इंजिनिअरला ६० दिवसांपर्यंत चाचणीवर ठेवता येतं, त्या काळात किमान ८५ टक्के पगार. विमा वगैरे धरून मालकाच्या खिशातून पगारावर २१.५ टक्के, वर युनियनचे २ टक्के. मुदतीचा करार ३६ महिन्यांपर्यंत, एकदाच नवा करता येतो, पुढे माणूस कायम. इथवर ठीक. पण कंपनी न काढता दुसऱ्याच्या पगारपत्रकावर माणूस ठेवायची जी युक्ती सगळे एजंट सांगत होते, तिच्यावर त्यांनी पाणी ओतलं. उसने कामगार घेणं तिथे ठरलेल्या २० प्रकारच्या कामांनाच चालतं, तेही फार तर १२ महिने. प्रतिनिधी कार्यालय काढलं तर पाच वर्षांचा परवाना मिळतो, पण त्यातून धंदा करता येत नाही. दुरुस्तीचं बिल कोण फाडणार? आणि खरी मेख म्हणजे तो माणूस व्हिएतनामपुरताच. थायलंडमध्ये मीटर बिघडला की तिथे काम करायच्या परवान्याची रडकथा पुन्हा.

पोलंडला ३० एप्रिलला पोचले. दिल्लीहून वॉर्सा, तिथून रेल्वेने दीड तासात वूच. नकाशावरचं स्पेलिंग वाचून मी महिनाभर 'लोड्झ' म्हणत होते. वूच म्हणजे होडी, आणि गावात नाव घ्यावं अशी नदी नाही. होत्या त्या कापडगिरण्या. लाल विटांच्या एका अवाढव्य गिरणीचं २००६ साली मॉल झालंय, नाव मानुफाक्तुरा. त्याच्या चौकात बसून लालबाग-परळ आठवत राहिले. इथे ट्रान्सफॉर्मरचेही जुने कारखाने आहेत, म्हणूनच हे गाव निवडलं होतं.

आणि सगळं बंद! १ मे गुरुवारी, ३ मे हा संविधान दिन शनिवारी, मधला शुक्रवार लोकांनी जोडून घेतलेला. शुक्रवारी सुट्टी कसली, असं हॉटेलवाल्याला विचारलं, तर म्हणाला, शनिवारच्या सणाची. शनिवारी तर तशीही सुट्टी असते ना? हो, म्हणूनच. सण शनिवारी आला तर मालकाला बदली दिवस द्यावा लागतो. हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा वॉर्साला परत गेले. तिथे 'भल्या महाराजांचा चौक' आहे. दुसऱ्या महायुद्धात पोलिश मुलांना जामनगरजवळ बालाचडीला आसरा देणारे जामसाहेब दिग्विजयसिंह, त्यांच्या नावाचा. कोल्हापूरचंही स्मारक आहे. वळिवड्याला १९४३ ते १९४८ हजारो पोलिश निर्वासित राहिले होते. बाबांचं आजोळ कोल्हापूर. फोटो पाठवल्यावर पुतळ्याचं प्रकरण मिटलं.

सोमवारी कामाला लागले. इथली पडतर ऐकून आधी घाम फुटला. २०२५चं किमान वेतनच महिना ४,६६६ झ्लॉटी, आम्हाला हवा तो माणूस त्याच्या दुपटीहून जास्त मागत होता. वर मालकाचा विमा साधारण २० टक्के. रजा २० दिवस, पण नोकरीची दहा वर्षं भरली की २६. आणि शिक्षणही नोकरीत धरतात! विद्यापीठाच्या पदवीची आठ वर्षं मोजतात, म्हणजे दोन वर्षं काम केलेला पोरगाही २६ दिवसांचा हक्कदार. त्यातले चार दिवस त्याच दिवशी सकाळी कळवून घेता येतात. आजारी पडला तर वर्षातले पहिले ३३ दिवस ८० टक्के पगार आपणच द्यायचा. रुजू होण्याआधी डॉक्टरी तपासणी, तीही आपल्या खर्चाने. तीन वर्षं झालेल्या माणसाला काढायचं तर तीन महिन्यांची नोटीस.

तरी हॉटेलच्या खोलीत एक्सेलमध्ये तिसरा रकाना केला आणि चित्र पालटलं. पोलिश नागरिकाला युरोपीय संघाच्या २७ देशांत व्हिसा लागत नाही. वूचच्या जवळच देशाचे दोन मोठे महामार्ग एकमेकांना छेदतात. जर्मनीतलं गिऱ्हाईक असो की चेकमधलं, हा गाडीत अवजारं टाकून दुसऱ्या दिवशी हजर. आमच्या जुन्या पद्धतीत बडोद्याहून माणूस पाठवायचा वर्षाचा खर्च मांडला तेव्हा महागडा पोलंड परवडला. प्रायव्हेट लिमिटेडसारखी कंपनी काढायला भांडवल ५,००० झ्लॉटी पुरतं, लाखभर रुपयांच्या थोडं वर. बँकेतून परदेशी गुंतवणुकीचा फॉर्म भरताना मात्र जास्त दिवस गेले, त्याबद्दल न लिहिलेलंच बरं. व्हिएतनाम आम्ही तिथल्या वितरकावर सोपवलं.

१ सप्टेंबरला आमचा माणूस रुजू झाला. मुलाखतीच्या वेळी त्याला बडोद्याचा लीला, म्हणजे हिरवा, चिवडा दिला होता, तो त्याने दुधात घालून खाल्ला म्हणे.

दिवाळी झाली, लाभपाचम, म्हणजे दिवाळीनंतर गुजरातेत धंदे पुन्हा उघडायचा दिवस, रविवारी आली, सोमवारी मशिनं सुरू झाली. मेल उघडला तर त्याचं पत्र: १ नोव्हेंबरचा सण शनिवारी येतोय, सबब शुक्रवारी सुट्टी घेतोय. बाबा भडकले. "शनिवारी घरी बसतो तो बसतो, वर शुक्रवार कसला मागतो?" मी पत्र पुढे वाचून दाखवलं. मागच्या आठवड्यात त्याने कारखान्यात सहा वेळा फोन केला होता, गिऱ्हाइकाकडे उभा राहून. कुणीच उचलला नाही. आपल्याकडे कुठल्या दिवशी काय बंद असतं, याची यादी मिळेल का?

बाबांनी भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "लिही. संक्रांतीपासून सांगतो. आणि उत्तरायणाचे दोन दिवस धर, पतंगाच्या दिवसांत इथे कोणी येत नाही."