वीस कोपेकचं नाणं आणि त्यावरची अकरा अक्षरं

जुन्या बाजारातून आणलेल्या परदेशी नाण्यांच्या ढिगात ते सापडलं. पांढरट धातू, 20 हा आकडा आणि साल 1946. लिपी रशियन दिसली, म्हणून सोव्हिएत नाण्यांच्या यादीत शोधायला बसलो. आठवडाभर पानं चाळली, पण जुळणारं काही मिळेना.

मग ठरवलं, आधी वाचायला शिकायचं. वहीत रशियन मुळाक्षरं उतरवून घेतली आणि भिंगाखाली एकेक अक्षर लावत गेलो. इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं ते ‘र’, ‘वाय’सारखं दिसतं ते ‘उ’. अकरा अक्षरांना मला अख्खी संध्याकाळ लागली. शब्द निघाला ‘आर्क्तिकउगोल’. उगोल म्हणजे कोळसा! शेजारी ‘श्पित्सबेर्गेन’ होतं, म्हणजे स्पिट्सबर्गन बेटांचं नाव. त्या रात्री झोप लागली नाही.

हे नाणं सरकारचं नव्हतंच, खाण कंपनीचं होतं. उत्तर ध्रुवाजवळच्या या बेटांवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे. पण 1920 च्या करारामुळे सह्या करणाऱ्या सगळ्या देशांना तिथे खाणकामाचा समान हक्क मिळाला. (ब्रिटनने त्यावर भारतासाठीही सही केली होती, हे मला तेव्हाच कळलं.) सोव्हिएत संघ नंतर करारात आला. 1931 साली आर्क्तिकउगोल स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने डच कंपनीकडून बॅरेंट्सबर्ग ही तिथली खाणवस्ती विकत घेतली. वस्ती कंपनीची, दुकान कंपनीचं, तसं चलनही कंपनीचं. 1946 मध्ये 10, 15, 20 आणि 50 कोपेकची (शंभर कोपेक म्हणजे एक रूबल) नाणी निघाली, 1993 मध्ये पुन्हा रूबलची. पलीकडे लाँगइअरबिएन या दुसऱ्या वस्तीत स्टोरे नोर्स्के या नॉर्वेजियन कंपनीच्या कागदी नोटा चालत.

मला मात्र खाणकामगारच डोळ्यांपुढे येत राहतो. महिनोन्‌महिने सूर्य न दिसणाऱ्या गावात त्याच्या खिशात हे नाणं होतं, आणि बेटाबाहेर त्याचं काहीच येणार नव्हतं. अंकाच्या कडा बोटांनी गुळगुळीत झाल्या आहेत. त्यावरून मी अजूनही अंगठा फिरवतो.

नंतर एका जाणत्या संग्राहकाने जाड कॅटलॉग पुढ्यात ठेवला. नाणं त्यात होतं, पण रशियाच्या पानांवर नव्हे. स्पिट्सबर्गन असं वेगळंच नाव होतं. मी रशियात शोधत बसलो, तिथेच चुकलो होतो.

घरी येऊन नाणं पाकिटात घातलं. ‘देश’ या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. मग लिहिलं: स्पिट्सबर्गन, कोळसा खाण, 1946.