गोली आढीत किती दिवस ठेवायचा?

आमच्या फॅन्टसी हॉकी लीगचा (खऱ्या खेळाडूंच्या कागदावर टीम बनवायच्या आणि त्यांच्या खऱ्या खेळावर गुण मोजायचे) व्हॉट्सॲप ग्रुप गेले दहा दिवस पेटलाय आणि कमिशनर, म्हणजे लीग चालवणारी, मी असल्यामुळे सगळे बाण माझ्याच दिशेनी येतायत. कारण काय, तर डस्टिन वुल्फ. कॅनडातल्या कॅलगरीच्या टीमचा गोली, म्हणजे गोलकीपर. त्याला बिचाऱ्याला कल्पनाही नसेल की पुण्यात कर्वेनगर ते पिंपळे सौदागर अशा पट्ट्यात बारा माणसं त्याच्यावरून एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत.

आधी थोडं सांगते, कारण "हॉकी" म्हणलं की इथे लोकांच्या डोळ्यासमोर धनराज पिल्ले येतो, आणि यायलाच पाहिजे, तो आपल्या खडकीचा. पण ही बर्फावरची हॉकी, अमेरिका-कॅनडातली एनएचएल लीग. नवऱ्याच्या प्रोजेक्टमुळे आम्ही काही वर्षं टोरांटोत होतो तिथे हे वेड लागलं, परत आल्यावर जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. उलट आणखी अकरा जणांना लागलं. थंडीत मॅच आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होते, त्यामुळे हिंजवडीची बस पकडायच्या आधी दोन पिरियड होतात. आमची लीग कीपर लीग आहे, म्हणजे दर वर्षी आठ खेळाडू स्वतःकडे ठेवता येतात, बाकीचे सोडायचे आणि परत ड्राफ्ट, म्हणजे आळीपाळीनी खेळाडू निवडायचे. (कीपर म्हणजे विकेटकीपर नाही, गोलकीपरही नाही, हे सासूबाईंना चार वेळा समजावून झालंय.)

या आठांशिवाय प्रत्येकाला पाच जागा जास्तीच्या, कच्च्या पोरांसाठी. प्रॉस्पेक्ट म्हणतात तसल्या. आमच्यात त्याला "आढी" म्हणतात. हे नाव काकांनी दिलं. काका म्हणजे आमच्या लीगमधले सगळ्यात सीनियर, खडकीच्या फॅक्टरीतनं रिटायर झालेले, तरुणपणी स्वतः मैदानी हॉकीत गोलकीपर. ते पहिल्याच वर्षी म्हणाले, अगं हे तर कैऱ्या पेंढ्यात घालून ठेवायचं काम, पिकला की काढायचा. झालं, तेव्हापासून आढी.

आता भांडण. आमचा नियम होता की एनएचएलमध्ये ८२ गेम होईपर्यंत खेळाडू आढीत राहू शकतो. का ८२? कारण तेव्हा एका सीझनमध्ये ८२ गेम असायचे, एक अख्खा सीझन झाला की तो काही कच्चा राहिला नाही. नियम मीच लिहिलेला, पाच मिनिटांत, आणि तेव्हा कुणीच, मीसुद्धा, गोलींचा विचार केला नाही. स्केटर, म्हणजे गोली सोडून बाकी सगळे, नीट खेळले तर वर्षात ८२ च्या आसपास पोचतात. गोलीचं तसं नसतं. जाळ्यासमोर जागा एकच. टीमचा एक नंबरचा गोली पन्नास ते साठ गेम खेळतो, दुसरा वीस-पंचवीस. म्हणजे दोन नंबरचा गोली ८२ ला पोचायला तीन-चार वर्षं घेणार आणि तोपर्यंत आमच्या नियमानी तो कैरीच.

वुल्फचं बघा. २०१९ च्या एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये २१७ पोरं निवडली गेली त्यात हा २१४ वा, म्हणजे खालून चौथा. २०२२-२३ ला एक गेम, २०२३-२४ ला १७, आणि २०२४-२५ ला कॅलगरीनी त्याला ५३ गेम खेळवलं, २९ जिंकले, आणि काल्डर ट्रॉफीच्या, म्हणजे सर्वोत्तम नवोदिताच्या, शेवटच्या तिघांत आला. एकूण गेम ७१. ७१ म्हणजे ८२ च्या आत. म्हणजे आपल्या टीमचा एक नंबरचा गोली झालेला माणूस आमच्या लीगमध्ये २०२५-२६ लाही आढीत, फुकट, आणि त्याचा मालक त्याच्याशिवाय आणखी आठ तगडे कीपर घेऊन बसलाय. त्याच तिघांतला लेन हटसन ८४ वर गेला म्हणून बाहेर. तिसरा मॅकलिन सेलेब्रिनी २०२४-२५ अखेर ७० वर होता, तोही आत राहतोच, पण त्याचं कारण दुखापत, बारा गेम हुकले. वुल्फचा मात्र कुठलाही गेम हुकलेला नाही, गोलीचा पूर्ण सीझनच तेवढा असतो. ह्यातला फरक कळला की नियम कुठे चुकलाय ते कळतं.

मग मी म्हणलं, एनएचएल स्वतः काय करते ते बघू. आणि इथे मजा आली, कारण एनएचएलकडे एक फूटपट्टी नाहीये, तीन आहेत, आणि तिन्ही वेगळं सांगतात.

पहिली काल्डरची. आधीच्या कुठल्याही एका सीझनमध्ये २५ च्या वर गेम नकोत, आधीच्या कुठल्याही दोन सीझनमध्ये प्रत्येकी ६ किंवा जास्त नकोत, आणि १५ सप्टेंबरला वय २६ च्या आत पाहिजे. (वयाची अट आली ती १९९० मध्ये सर्गेई माकारोव्हनी ३१ व्या वर्षी ती ट्रॉफी नेली म्हणून. सोव्हिएत हॉकीत आयुष्य घालवलेला माणूस, नवोदित म्हणे.) ह्यात गोली आणि स्केटर एकाच तराजूत, काहीही सवलत नाही.

दुसरी वेव्हर्सची, म्हणजे पोराला खालच्या लीगमध्ये पाठवताना दुसऱ्या टीमनी पळवू नये म्हणून जी सूट असते ती. अठराव्या वर्षी सही केलेल्या स्केटरला ही सूट ५ सीझन किंवा १६० गेम. गोलीला ६ सीझन किंवा ८० गेम. बघा, गेम निम्मे आणि वर एक वर्ष जास्त! म्हणजे करार लिहिणाऱ्यांना माहिती होतं की गोली मुरायला वेळ लागतो आणि खेळायला कमी मिळतं.

तिसरी माझी सगळ्यात आवडती. पंचविशी गाठलेला, तीन प्रोफेशनल सीझन झालेला, पण एनएचएलमध्ये संधीच न मिळालेला खेळाडू करार संपल्यावर मोकळा होतो. स्केटरसाठी अट ८० पेक्षा कमी गेम, गोलीसाठी २८ पेक्षा कमी. आणि त्यात एक सुंदर ओळ आहे, की गोलीचा गेम तेव्हाच धरायचा जेव्हा तो कमीत कमी ३० मिनिटं खेळलाय.

ही ३० मिनिटांची ओळ वाचून मी खुर्चीतनं उठले. कारण २०१६ च्या ३१ डिसेंबरला कॅरोलायनाचा इक्विपमेंट मॅनेजर, होर्हे आल्व्हेस, स्केट्सना धार लावणारा माणूस, टीमचा दुसरा गोली आजारी पडला म्हणून किट घालून बसला आणि शेवटचे ७.६ सेकंद जाळ्यात उभा राहिला. रेकॉर्डमध्ये तो एक गेम आहे. आणि तिकडे पहिला गोली पाचव्या मिनिटाला बाहेर काढला म्हणून आत येऊन उरलेली ५५ मिनिटं घाम गाळणाऱ्याचाही एकच गेम. नुसते गेम मोजले की हे दोघं सारखे.

तर वेव्हर्सच्या हिशोबानी आमच्या ८२ चे निम्मे ४१, आणि तिसऱ्या हिशोबानी, ८० ला २८ म्हणजे ८२ ला साधारण २९. काल्डरच्या हिशोबानी काही फरकच करू नका. ग्रुपवर लगेच तीन पार्ट्या पडल्या.

वुल्फचा मालक (माझ्या नवऱ्याचा मित्र आहे, नाव घेत नाही, गणपतीत मोदक खायला घरी येतो) म्हणाला, ताई, ६० ठेव, म्हणजे माझा वुल्फ जाईल हे मला मान्य आहे पण स्पेन्सर नाइटवाल्यावर अन्याय होणार नाही. ऐकायला फार उदार. नाइटचं प्रकरण असं की फ्लोरिडासाठी ४, मग ३२, मग २१ असे ५७ गेम खेळला आणि नंतर २०२३-२४ चा अख्खा सीझन खालच्या एएचएलमध्ये. म्हणजे ४० ची मर्यादा असती तर मालकानी त्याला आढीतनं बाहेर काढला असता आणि नेमकं त्याच वर्षी पोरगा वर दिसलाच नसता. ६० नी वुल्फ बाहेर, नाइट आत, दोन्ही बरोबर, वाद मिटला.

पण दोन माणसांच्या मापानी शिवलेला सदरा तिसऱ्याला बसतो का ते बघायला नको? मी इगोर शेस्टर्किन काढला. २०१४ चा ड्राफ्ट, चौथी फेरी, बरीच वर्षं रशियात, मग २०१९-२० ला न्यूयॉर्क रेंजर्ससाठी १२ गेम आणि २०२०-२१ ला ३५. एकूण ४७. ६० च्या नियमानी हा २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अजून आढीत. आणि त्या सीझनमध्ये त्यानी ३६ मॅच जिंकून व्हेझिना, म्हणजे सर्वोत्तम गोलीची ट्रॉफी, नेली. आमच्या लीगमध्ये जगातला त्या वर्षीचा सर्वोत्तम गोली पेंढ्यात झाकलेला असता! आणि हेही बघा की २०२०-२१ चा सीझन कोव्हिडमुळे ५६ गेमचाच होता, त्यातले ३५ म्हणजे नेहमीच्या हिशोबात ५० च्या वर. तो कच्चा कुठून.

म्हणून माझं मत ४०. नाइटचं वाईट वाटतं, खरंच वाटतं, पण नियम नेहमीच्या चालीसाठी असतो, एखाद्याच्या आयुष्यात काय वळण येईल त्यासाठी नाही. त्याचा मालक यावर अजून माझ्याशी बोलला नाहीये.

मग काकांनी खोडा घातला. मला म्हणाले, तुझ्या ४० मध्ये जॉर्डन बिनिंग्टन घालून बघ. घातला. २०११ चा ड्राफ्ट, २०१६ मध्ये एक गेम, मग तीन वर्षं कुणाला आठवणही नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सेंट लुइसनी पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळवलं तर शटआउट, म्हणजे एकही गोल खाल्ला नाही, सीझनअखेर ३२ गेम, २४ विजय, आणि जूनमध्ये थेट स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद. एकूण ३३ गेम. म्हणजे कप जिंकून आलेला माणूस माझ्या नियमानीसुद्धा आढीतच! मी गप्प. काका हसत होते, फोनवरसुद्धा कळतं.

पण उत्तर त्यातच होतं. बिनिंग्टन त्या जुलैमध्ये २६ चा झाला. काल्डरची वयाची अट उचलली, १५ सप्टेंबरला २६ पूर्ण असेल तर गेम कितीही कमी असोत, बाहेर, की तो बरोबर सुटतो. शेस्टर्किनला ४० पकडतं, बिनिंग्टनला वय पकडतं. स्केटरसाठी वयाची अट मी २४ करणार होते पण गोलीला २६ च पाहिजे, रशियात नाहीतर एएचएलमध्ये चार-पाच वर्षं मुरलेला गोली पहिल्यांदा दिसतोच २४-२५ व्या वर्षी.

प्लेऑफचे गेम धरायचे का यावर एकानी सहा मेसेज टाकले. नाही धरायचे, आमची लीग रेग्युलर सीझनची आहे, विषय संपला. खरं तर काल्डरमध्येही धरत नाहीत, म्हणून तर माँट्रियलचा गोली केन ड्रायडन (२०२५ च्या सप्टेंबरमध्ये गेला) १९७१ ला सहा गेम खेळून प्लेऑफमध्ये उतरला, कप आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू दोन्ही घेऊन आला, आणि पुढच्या वर्षी परत नवोदित म्हणून काल्डर जिंकला. असं वर्षातनं एकदा झालं तर होऊ दे, गोष्ट सांगायला बरी.

मोजायचं कसं, तर ३० मिनिटांचा नियम घेतलाय. आमच्यातल्या एका इंजिनियरचं म्हणणं होतं की गेम सोड, सरळ मिनिटं मोज, ४० गुणिले ६०, २४०० मिनिटं. सगळ्यात शुद्ध तेच आहे, पण मग बॅकअप गोलीचा मालक जानेवारीत मिनिटं मोजत बसणार आणि मला पहाटे मेसेज करणार. त्यापेक्षा सीझन संपल्यावर एकदाच मोजणी, आणि तीही ४० च्या आसपास असलेल्यांचीच, ती चार-पाच नावं असतात, बॉक्सस्कोर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता, बघून एका संध्याकाळी होतं. मधेच कुणी ४० पार केले तरी सीझनभर आढीत राहील. फक्त एक, मॅचच्या दिवशी वर काढायचा आणि रात्री परत आत टाकायचा हा जो प्रकार चालायचा तो बंद. काकांचं वाक्य तसंच नियमात टाकलंय: कापलेला आंबा परत पेंढ्यात ठेवत नाहीत.

राहता राहिला वुल्फ. नवा नियम आत्ता लावला तर तो आत्ता बाहेर, आणि सात-आठ जणांना अर्थातच हेच हवं होतं. मी नाही म्हणलं. त्या माणसानी त्याला २०२२ मध्ये आमच्या ड्राफ्टच्या शेवटच्या फेरीत घेतला, आम्ही सगळे हसलो होतो, आणि आमच्याच नियमानी तीन वर्षं सांभाळला. आता आंबा पिकल्यावर नियम बदलून टोपली काढून घ्यायची हे मला जमणार नाही. नियम पुढच्या सीझनपासून. माझ्या आढीत मिनेसोटाचा येस्पर वॉलस्टेट आहे, त्याचे गेम २०२४-२५ अखेर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, त्यामुळे मला यातनं काही मिळत नाही आणि काही जातही नाही, हेही ग्रुपवर लिहून टाकलं कारण कुणीतरी विचारणारच होतं.

मतदान झालं. ४० गेम, २६ वर्षं, ३० मिनिटं हे ९ विरुद्ध ३ नी पास. पुढच्या सीझनपासून लागू हे मात्र ६-६, आणि टाय झाला की कमिशनरचं मत. तर वुल्फ या वर्षी आढीतच. त्याच्या मालकानी रात्री साडेअकराला नुसता हात जोडलेला इमोजी पाठवला आणि दोन मिनिटांनी विचारलं की वॉलस्टेट देतेस का, बदल्यात काय हवं बोल.

नाही देणार म्हणून सांगितलंय.