ओंडक्यापासून कपाटापर्यंत : माझा अनुभव

आईसाठी कपाट करायचं ठरलं तेव्हाच प्लायवुड नको, सागवानीच हवं, हे पक्कं होतं. मुंबईत रे रोडला लकडी बंदरच्या बाजूच्या लाकडाच्या वखारींत तयार फळ्याही मिळतात, पण मला ओंडका डोळ्यांदेखत चिरून घ्यायचा होता. मिस्त्रींना सोबत नेलं. त्यांनी आधी वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का पाहिला, वाहतूक परवाना मागितला, मग ओंडक्याची टोकं निरखली. गाभा भरपूर आणि कडेचं पांढरं लाकूड कमी असा ओंडका हवा, कारण भुंगा आधी त्या पांढऱ्यालाच लागतो.

मापाचं गणित तिथे जाण्याआधी समजून घ्या. गोल लाकडाचा हिशोब घेराच्या चौथ्या हिश्श्यावर होतो. घेर 48 इंच आणि लांबी 8 फूट असेल, तर 1 फूट गुणिले 1 फूट गुणिले 8 फूट, म्हणजे 8 घनफूट. खरं घनफळ 10 च्या थोडं वर जातं, पण चिराईत घट होतेच.

चिरताना मात्र घाई करू देऊ नका. फळीच्या टोकाला वाढीची वलयं उभी दिसतील अशी चिराई मागा. लाकूड वलयांच्या बाजूने जेवढं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट असतं. अशी चिराई केली की माल वाया जास्त जातो, पण फळी वाकत नाही. मला हा खर्च पूर्ण पटला.

पुढचं काम फक्त थांबण्याचं. इंचभर जाडीला वर्षभर, हा जुना हिशोब. फळ्यांच्या टोकांना रंग लावला, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घातल्या आणि सावलीत रचून ठेवल्या.

"पावसाळा खाऊ द्या त्याला, मग हात लावू," मिस्त्री म्हणाले. मुंबईच्या दमट हवेत याहून शहाणा सल्ला नाही.

मग रंधा, गुण्या, पटाशी. दाराच्या आडव्या पट्टीचं टोक तासून उभीच्या खाचेत ठोकलं, वर लाकडी खुंटी. खिळा कुठेही नाही. मधलं पॅनेल मात्र खोबणीत मोकळं सोडलं, सरसाचा थेंबही लावला नाही. ते पावसात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. चिकटवलं तर एक दिवस तडकणारच. मला या कामातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो.

पॉलिश चपडा लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून. ते दसऱ्यानंतर केलं. भर पावसात केलं तर लाख पांढुरकी होते. खण दिवाळीनंतर, लाकूड कोरडं असताना बसवले, म्हणून फुगायला वर अर्धा सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, फट ठेवली. आषाढात ती जवळजवळ मिटली, तरी खण आईच्या एका हाताने सरकतात. आता फणसाच्या फळ्या रचून ठेवल्यात, पाटांसाठी.